टॅपस्कॉटच्या पायाशी

हेस्टरने लाकडी खुंटी टॅपस्कॉटच्या थडग्याच्या दगडाला टेकवली आणि ती गवतावर गुडघे टेकून बसली.

"इथे. ह्याच्या पायाशी. ठोक."

कथबर्ट पिनॉक हातोडा घेऊन नुसताच उभा राहिला. थॉर्नकमचं चर्च विकलं गेलं होतं आणि घेणाऱ्याला आवारात मोटारी लावायच्या होत्या. खुणा केलेली थडगी सोमवारी उकरणार, अस्थी गावाबाहेरच्या दफनभूमीत नेणार. खुणांचं काम कथबर्टच्या गळ्यात पडलं, कारण गावाचा इतिहास लिहिणारा तोच.

"दगडावर तुमच्या घरातलं नाव नाही, हेस्टर."

"कसं असेल? बाप्तिस्म्याआधीच गेलं माझं बाळ. पाद्रीबाबांनी जागा नाकारली. मग खड्डे खणणाऱ्याने गुपचूप म्हाताऱ्या टॅपस्कॉटच्या पायाशी ठेवलं. मी तर अंथरुणावर होते, नवऱ्याने येऊन सांगितलं. उठले तशी आम्ही ब्रिस्टलला गेलो. अशी कितीतरी आहेत इथे. तुझ्या पुस्तकात नाहीत वाटतं?"

नव्हती. कथबर्टने हातोडा खाली ठेवला.

"हा दगड इथला नाही गं."

"शुद्धीवर आहेस ना? ब्रिस्टलहून परत आल्यापासून दरवर्षी मातृदिनाच्या रविवारी इथेच फुलं ठेवतेय मी."

"तुम्ही दोघं ब्रिस्टलला होतात तेव्हाची गोष्ट. गवत कापायच्या यंत्राला दगड आडवे यायचे. मग आम्ही ते सगळे उचलून भिंतीला ओळीने लावले. नीटनेटक्या आवाराचं बक्षीसही मिळालं त्या वर्षी."

"आधी कुठे होता हा?"

शेवाळ खरवडून कथबर्टने प्रत्येक दगडावरचं अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं होतं. कोणता दगड कुठे उभा होता, हे टिपून ठेवायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. एवढा खटाटोप केला आणि मुसळ केरात.

"म्हातारा टॅपस्कॉट कुठे आहे, ते आता देवालाच ठाऊक."

"वा रे इतिहासकार!" हेस्टर हसली, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. एवढ्या वर्षांत ती इथे एकदाही रडली नव्हती. उलट इथे आलं की तिला बरं वाटायचं.

"खुंटी इथेच ठोकतो," कथबर्ट हळूच म्हणाला. "काहीतरी सापडेलच."

"कुणाचं?"

पाऊस भुरभुरू लागला, तसा कथबर्ट गवत तुडवत फाटकापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "चल, घरी सोडतो."

भिंतीपासून फाटकापर्यंत हिरवंगार, सपाट गवत पसरलं होतं. खाली कोण कुठे आहे, हे सांगणारा एक उंचवटाही नाही. याच गवतावरून ती दरवर्षी सरळ चालत यायची. तिने एक पाय पुढे टाकला आणि मागे घेतला.

"हेस्टर? भिजशील. ये ना."

"कुठून येऊ, ते सांग," ती म्हणाली आणि भिंत धरून तिथेच उभी राहिली.