गोठलेलं खोबरेल

घाबरू नका, मित्रांनो. मी एक जुनी रायफल आहे, बोल्ट-ॲक्शन जातीची, आणि आत्ता माझ्या पोटात काही नाही. घाबरायचंच असेल तर चांगल्या स्वभावाच्या माणसांना घाबरा. ते का, तेच सांगते.

माझ्या पाठीवर एक पोलादी कडी आहे. तिलाच बोल्ट म्हणतात. ती मागे ओढली की माझं पोट उघडतं, पुढे सारून खाली पाडली की बंद होतं. कडी पाडली तरी मी गप्प राहायचं आणि चाप ओढल्यावरच बोलायचं. माझं सगळं शहाणपण एवढंच. ते गेलं की मी बंदूक नव्हे, घरातली अवदसा.

कारखान्यातून निघाल्यावर पस्तीस वर्षं मी रॉसकडे होते. ख्राइस्टचर्चच्या पश्चिमेला डोंगरात त्याच्या मेंढ्या होत्या. माणूस महा रुक्ष. शिकारीहून आला की बंदुकीच्या पातळ तेलाचे दोन थेंब द्यायचा, तिसरा म्हणून नाही, आणि जुन्या बनियनने मला कोरडी पुसायचा. कौतुकाचा एक शब्द नाही. तेव्हा मला राग यायचा. आता कळतं, ते दोन थेंब हेच कौतुक होतं. पुढे त्याचे गुडघे गेले आणि त्याने मला मकरंदला विकलं.

मकरंद इथे शिकायला आला होता, आता शहरात बांधकामावर इंजिनियर आहे. साइटवरच्या दोस्तांबरोबर हरणाच्या शिकारीला जायचा. मला बरी वागवायचा, खोटं कशाला बोलू? मग मार्चमध्ये त्याचे वडील आले. मोरेश्वरकाका, रत्नागिरीजवळच्या गावातले निवृत्त मास्तर. त्यांच्याकडे बागेतली माकडं हाकायला ठासणीची बंदूक होती. तिला आयुष्यभर त्यांनी खोबरेल लावलं होतं आणि दर दसऱ्याला पुजलं होतं. मला पाहून म्हातारा हरखलाच.

"अरे मकरंदा, लक्ष्मी आहे ही! कोरडी ठाक ठेवलीस की रे!"

दसरा लांब होता. काकांना धीर कुठला? पाडव्यालाच मला हळदकुंकू लागलं, फोटो निघाला, घरच्या ग्रुपवर गेला, सगळ्यांनी हात जोडले. आणि मग खोबरेल! थेंब नव्हे, धार. बोल्टवर, चापाच्या खोबणीत, जिथे जाईल तिथे. दर शनिवारी मकरंद कपाट उघडून शेजारी फोन बघत उभा राहायचा आणि काका मला न्हाऊ घालायचे. बाळंतिणीचेसुद्धा एवढे लाड होत नाहीत. मी फुशारले होते, कबूल करते. रॉसची आठवणही काढली नाही.

कोकणात खोबरेल बारा महिने पातळ असतं. इथे ते थिजतं. मेणासारखं पांढरं होऊन माझ्या चापात साचत गेलं, आणि चाप जागेवर परत यायचा विसरू लागला.

जूनमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, मकरंद मला डोंगरात घेऊन गेला. पहाटे गवतावर हिमकण होते. त्याने गोळी भरली, बोल्ट पाडला, आणि मी बोलले. चापाला कुणाचं बोटसुद्धा नव्हतं! गोळी त्याच्या मित्राच्या बुटापासून वीतभर अंतरावर मातीत घुसली. मला माझीच शिसारी आली.

घरी आल्यावर मकरंदने मला खोलून पाहिलं. चापातला पांढरा लगदा बोटावर घेतला, वास घेतला. कळलं त्याला, लख्ख कळलं. तेवढ्यात मागून काका आले, हातात बाटली.

"शनिवार आहे रे आज. लावू का तेल?"

मकरंदने बोट फडक्याला पुसलं. मग म्हणाला, "लावा, बाबा."

मित्रांनो, त्या दोन शब्दांसाठी मी त्याला आजही क्षमा केलेली नाही. पुढच्याच आठवड्यात त्याने मला विकायला काढलं.

जुलैत शंतनू मला बघायला आला. तो हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. बरोबर त्याची बायको दीप्ती आणि अकरा वर्षांची ईशा. सुट्टीत बाप तिला पहिल्यांदा डोंगरात नेणार होता. "बाबा, आय कॅन वॉक इन फ्रंट, राइट?" असं ती दारातच विचारत होती. ते ऐकून माझ्या नळीत काटा आला.

मकरंदने बैठक दिवाणखान्यात मांडली होती. खोली गरम करणारा हीट पंप एवढा लावला होता की काकांनी स्वेटर काढला. शंतनूने मला नीट तपासलं हो, तशी नावं ठेवायला जागा नाही. आधी रिकामी असल्याची खात्री केली. बोल्ट काढून नळीतून खिडकीकडे पाहिलं, लाकडाला तडा आहे का ते नखाने चाचपलं, स्क्रू पाहिले. मग रिकामी असतानाच बोल्ट तीनदा जोरात आपटून लावला. मी तिन्ही वेळा गप्प. का नसेन? त्या उकाड्यात तेल पाण्यासारखं झालं होतं. मी मनात ओरडत होते, अरे, बाहेर ने मला! पण लाकूड-लोखंडाचं कोण ऐकतं?

"स्वीट ॲज!" शंतनू इथल्या बोलीत म्हणाला. "मस्त ठेवलीय रे."

काकांची छाती फुगली. "दर शनिवारी खोबरेल! हयगय नाही."

"बाबा, चहाचं बघता का जरा?" मकरंद घाईने म्हणाला.

पण दीप्तीचे कान टवकारले. "खोबरेल? काका, माझी बाटली तर रोज सकाळी गरम पाण्यात उभी करावी लागते. त्याशिवाय थेंब निघत नाही." ती शंतनूकडे वळली. "हिला थोडा वेळ थंडीत ठेव आणि परत बघ."

"अगं, आपल्याच माणसाची वस्तू. किती तपासायची?"

"आपला माणूस आहे, तर त्याला राग येणार नाही."

"बाहेर शेजारी बघतील उगाच," मकरंद पुटपुटला.

"मग गॅरेजमध्ये," दीप्ती म्हणाली. बाई हटली नाही.

गॅरेजमध्ये सगळे मला घेऊन उभे राहिले, हातात चहाचे कप, तोंडातून वाफ. अर्ध्या तासात मी हाडापर्यंत गार झाले. शंतनूने पुन्हा पोट रिकामं असल्याचं पाहिलं, मला भिंतीकडे रोखलं आणि बोल्ट पाडला.

टक्.

पुन्हा पाडला. टक्.

"बाबा, यू डिडन्ट टच द ट्रिगर," ईशा म्हणाली.

शंतनूने बोल्ट उघडून मला खाली ठेवलं. काका सगळ्यांकडे बघत राहिले. "काय झालं? मला कुणी सांगेल का?"

"आपोआप सुटली, काका," दीप्ती हळू म्हणाली. "आत तेल गोठलंय."

"माझं तेल?" काकांनी मुलाकडे पाहिलं. मास्तर होते ते, गप्प पोराचा चेहरा वाचायला त्यांना वेळ लागला नाही. "तुला ठाऊक होतं?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाबा."

"आणि हिला काही झालं असतं," दीप्तीने ईशाला जवळ ओढलं, "तर आम्हाला काय वाटलं असतं, मकरंद?"

मकरंद चहाचे कप गोळा करू लागला. निघताना शंतनू दारात म्हणाला, "जाऊ दे रे, होतं असं. मी कुणाला बोलणार नाही." जळो मेली ती सभ्यता! दीप्ती काहीतरी बोलणार होती, त्याने तिचा हात दाबला.

काकांनी त्यानंतर मला हात लावला नाही. बाटली धुऊन पुसून फडताळात ठेवली. ऑगस्टमध्ये ते परत गेले. जाताना कपाटापाशी थांबले आणि म्हणाले, "कारागिराकडे नेऊन साफ करून घे, मगच कुणाला दे. शब्द दे मला."

"दिला, बाबा."

कारागिराकडे जायला गाडीने वीस मिनिटं लागतात. महिना झाला. मी याच कपाटात आहे आणि ते पांढरं अजून माझ्या आत आहे. परवा मकरंदने माझे नवे फोटो काढले. जाहिरात त्याने मोठ्याने वाचून पाहिली: "वडिलांनी दर शनिवारी जिवापाड जपलेली. पाहणी दुपारी, घरीच."

मित्रांनो, जुनी बंदूक घ्यायला जाल तेव्हा नळी बघा, लाकूड बघा, पण मालकाच्या चहाला भुलू नका. तिला थंडीत न्या. आणि ज्यांच्यावर माया आहे त्यांचं चुकलं तर त्यांना तोंडावर सांगा. थोडं वाईट वाटेल, वाटू द्या.

आज दुपारी कुणीतरी मला बघायला येणार आहे. हीट पंप सकाळपासून चालू आहे.