ओठांआडची ऊब

शरदातली ती कलती दुपार. कर्ली नदीचं पाणी समुद्राला मिळता मिळता थबकलेलं. गोडही नाही, खारटही नाही. त्यावर मधुपिंगट ऊन पसरलेलं, मंद, मूक, मावळतीकडे झुकलेलं. देवबागच्या माडांच्या सावल्या लांबत लांबत वत्सलाकाकींच्या घरापुढच्या खळ्यात आल्या आणि तिथेच निजल्या.

खळ्यात एक पेटी उघडी होती. पेटीत निनादचे शर्ट, निनादचा चष्मा, निनादचे पायमोजे. निनाद नव्हता. दीड महिन्यापूर्वी, आयर्लंडहून निघालेल्या जहाजाच्या इंजिनखोलीत, काकींच्या या एकुलत्या लेकाचं हृदय अचानक थांबलं होतं. त्याचा जहाजावरचा सोबती हर्षद ती पेटी घेऊन आला होता.

तळाशी एक बाटली निघाली. आयरिश व्हिस्की. एकोणीस वर्षं ओकच्या पिंपात निजलेली, पाण्याचा थेंबही न मिसळता पिंपातल्या पुऱ्या जोमानिशी बाटलीत उतरलेली. अर्धी संपलेली, अर्धी उरलेली. हर्षदने ती घाईघाईने टॉवेलाखाली सारली.

"लपवू नको रे," काकी म्हणाल्या.

फार वर्षांपूर्वी, एका संध्याकाळी निनादच्या तोंडाला दारूचा वास आला, तेव्हा काकींनी त्याच्यापुढचं ताट उचललं होतं. वाढलेलं, वाफाळतं ताट. त्यानंतर दर सुट्टीत तो निर्मळ यायचा, निमूट जेवायचा, निमूट परतायचा. काकींना वाटलं होतं, सुटली.

"माका कधी कळाक दिल्यान नाय. कसो पियाचो तो?"

हर्षद खाली बघत म्हणाला, "महिन्यातून एखाद वेळी, काकी. ड्यूटी संपल्यावर. आधी डोळे मिटून वास घ्यायचा. मग एवढासाच घोट, जिभेवर धरून ठेवायचा. त्या वेळी कुणाशी बोलायचा नाही."

"तशीच माका दी. पाणी घालू नको."

पेल्यात सुवर्णतांबूस द्रव उतरला. काकींनी डोळे मिटले. आधी आला ओल्या लाकडाचा वास. मागोमाग मधाचा, जायफळाचा, आणि दूर कुठेतरी सुकत घातलेल्या फळांचा. मग घोट. आग! जिभेवर आग, टाळूवर आग, डोळ्यांत पाणी. काकींनी तो थुंकला नाही. धरून ठेवला. आणि हळूहळू, त्या आगीच्या गाभ्यातून, एक गहिरा, गंभीर, अनाम गोडवा उमलत गेला. उमलत गेला आणि छातीत उतरला.

एवढं सुंदर काही आपल्या लेकाला गवसलं होतं. आणि ते आईला सांगायला तो भीत होता.

काकी रडल्या, आवाज न करता, ओठ न विलगता.

"येतो, काकी," हर्षद उठला. "जपा."

त्यांनी नुसती मान हलवली. बोलायला तोंड उघडलं तर ती चव निघून जाईल, वाऱ्यात विरून जाईल, म्हणून काकी ओठ घट्ट मिटून बसून राहिल्या. ऊन गेलं, पाणी काळवंडलं, आणि जिभेवरची ऊब थेंबाथेंबाने निवत गेली.