उजव्या बाजूचा एक्केचाळीस

"आर्मास, उजवीकडं तुझा एक्केचाळीस कुठाय रे?" गाडीखाली टॉर्च मारत काइसूनं विचारलं.

आर्मासचा कॉफीचा कप ओठांपाशीच थांबला. झालं! तीन आठवडे ज्या प्रश्नाची धास्ती घेतली होती, तो नेमका तिच्या निघायच्या वेळी आला.

तुर्कूच्या जहाज कारखान्यात प्रत्येक वेल्डर आपल्या जोडाशेजारी आपला आकडा ठोकायचा. जोड फुटला तर धरायचं कुणाला, ते कळावं म्हणून. आर्मासचा एक्केचाळीस. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी सवय सुटली नव्हती. शेजारच्या काइसूनं नवऱ्यामागं धूळ खात पडलेली व्हॉल्वो पुन्हा रस्त्यावर आणायचं मनावर घेतलं, भंगारातल्या टेम्पोचं इंजिन आणलं, तेव्हा ते बसवायची दोन्ही माउंटिंगं, म्हणजे इंजिन पेलणारे आधार, आर्मासनंच मोडक्या नांगराच्या पोलादातून घडवली.

डावं झकास जमलं. उजवं अडचणीत, अंधारात. त्यात त्याच्या नजरेच्या मधोमध धूसर डाग आलेला, आणि ते त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. वेल्ड सांध्यावर न पडता बाजूनंच गेला. बोट फिरवल्यावर कळलं, आधी पकडून धरायला मारलेले चार टाके तेवढे खरे. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग जन्मात केलं नव्हतं ते त्यानं केलं. फटीत लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरली, घासली, वरून काळा रंग मारला. आकडा ठोकायला मात्र हात धजावला नाही.

गाडी तपासणीला गेली तेव्हा तिथला माणूस डावीकडचा आकडा बघून म्हणाला होता, "एक्केचाळीस? अहो, त्यांच्याच हाताखाली शिकलो मी. यात काय बघायचं!" काइसूनं हे कौतुकानं येऊन सांगितलं. आर्मासनं विषय बदलला.

"ठोक की," आता ती हातोडी पुढं करत म्हणाली. "औलूपर्यंत जायचंय. लेकीला तिच्या बापाची गाडी दाखवायचीय, आवाज टेम्पोचा असला म्हणून काय झालं!"

तो गाडीखाली शिरला. आकड्याचा ठसा पोलादावर टेकवला, हातोडी उचलली. आणि खाली ठेवली. खिशातला पेचकस काढून त्यानं रंग खरवडला. लांबीचे पोपडे गळून पडले.

"हा जोड नाही, काइसू. मला दिसत नाही गं नीट. सांगायची लाज वाटली."

"मी सहाशे किलोमीटर जाणार होते याच्यावर!"

"हो."

"आणि तू गुमान कॉफी पीत होतास?"

"हो."

ती पायरीवर बसली. मग तिनं विचारलं, "डावं?"

"डावं खरं आहे. पण माझ्यावर विसंबू नकोस, बघून घे कुणाकडून तरी."

"मी चिडलेय, आर्मास. आज काही हा राग जायचा नाही."

"नको जाऊ देऊस."

दुपारी, एकेकाळी त्याच कारखान्यात वेल्डर असलेली, आता शेतीच्या यंत्रांची दुरुस्ती करणारी रोन्या आली. तिनं डावं माउंटिंग तपासून मान डोलावली, उजव्याची लांबी घासून काढली. मग खालून ओरडली, "अंधार आहे हो इथं. दिवा धरा कुणीतरी."

काइसूनं दिवा उचलला. क्षणभर थांबून तिनं तो आर्मासच्या हातात दिला. तो गुडघ्यांवर बसला, तोंड फिरवून, हात लांब करून. ठिणग्या विझल्यावर रोन्यानं आपला आकडा ठोकला.

"बघता का काका, कसा झालाय?"

"गार होऊ दे."

तिघंही थांबली. मग त्यानं सांध्यावरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि शेवटी आकड्यावरून. सत्तावीस.

"जमलाय," तो म्हणाला. काम संपलं होतं, तरी त्यानं दिवा तसाच धरून ठेवला होता.