निसारभाईनं न काढलेले डोळे

भैरूगढला निसारभाईच्या कारखान्यात एकतीस वर्षं बाटिक केलं मी. कापडावर गरम मेण लावायचं, रंगात बुडवायचं, मग उकळत्या कढईत मेण काढायचं. जिथं मेण, तिथं रंग धरत नाही. एवढीच विद्या.

वेलबुट्टी निसारभाईची. जिवंत काही आलं, मोर, हत्ती, बाई, की ब्रश माझ्याकडे.

"जान डालना ऊपरवाले का काम है, बापू," तो म्हणायचा.

"आणि मी काय वरचा आहे?"

"तू तो वैसे भी जहन्नुम जाएगा, एक मोर और सही."

असं आमचं चालायचं. माझी बायको रजनी देवाधर्माची कडक बाई. पण गणपतीत निसारभाईचे मोदक नैवेद्य दाखवायच्या आधीच वेगळे काढून ठेवायची. प्रसाद तो खायचा नाही, आणि ती त्याला फसवायची नाही.

मागच्या साली रजनी गेली. मला उजव्या हाताला लकवा मारला. वर्षश्राद्ध आलं तर घरात फोटो एकच, आधारकार्डाचा. त्यात ती पोलीस ठाण्यात धरून आणल्यासारखी दिसते. मी निसारभाईला म्हटलं, तूच काढ तिला. एकदाच.

"साड़ी बना दूँगा, चूड़ी बना दूँगा. चेहरा नहीं."

"एकतीस वर्षं तिच्या हातचं खाल्लंस."

"भाभी का हक़ बड़ा है, बापू. उससे बड़ा एक ही है." मान खाली घालून बोलला. मी नाही नाही ते बोललो त्याला. तो हटला नाही.

आठ दिवस गेलो नाही. नवव्या दिवशी गेलो तर कापड ताणून ठेवलेलं. साडी, किनार, बांगड्या सगळं मेणात काढलेलं, गळ्याच्या वर कोरं. मी डाव्या हातानं बसलो. नाक जमलं, ओठ कसेबसे. डोळे काही केल्या जमेनात. वैतागलो, आणि डोळ्यांच्या जागी नुसता मेणाचा पट्टा फासला. आंधळी तर आंधळी.

शुक्रवार होता. दुपारची नमाज करून निसारभाई आला, कापड रंगात बुडवलं, वाळल्यावर कढई पेटवली. कारखान्यात आम्ही दोघंच. मेण वर तरंगलं. त्यानं काठीनं कापड उचललं आणि काठी तशीच धरून राहिला.

डोळे होते. डावा जरा बारीक, मी खोटं बोलतोय का बघताना ती करायची तसा.

"तूने किया?"

"माझा हात बघ की."

"मैंने नहीं किया. ख़ुदा की क़सम."

कच्चा रंग असला तर गिऱ्हाइकाला आधी सांगणारा माणूस तो. खोटं बोलणार नाही. मग म्हणाला, मोम तड़का होगा, रंग अंदर गया. मी म्हटलं, मेण तडकलं तर जाळी पडते, पापण्या नाही पडत. ती आलीय. तो म्हणाला, जाने वाले नहीं आते, बापू. चहा थंड झाला, कुणीच मागं सरलं नाही. पण कापड वाळत घालताना त्यानं कडा नुसत्या बोटांच्या टोकांनी धरल्या होत्या, पोळत असल्यासारख्या.

श्राद्धाच्या दिवशी दुपार कलल्यावर निसारभाई नानाखेड्याला माझ्या घरी आला. बसला, बोलला. नमाजची वेळ झाली तशी उठला. नमाज पश्चिमेकडे तोंड करून, आणि पश्चिमेच्याच भिंतीवर रजनीचं कापड. चित्रासमोर तो वाकणार नाही, मला ठाऊक.

"बाहर पढ़ लेता हूँ."

"बाहेर ऊन आहे. गुडघे बघ तुझे." मी खुर्ची ओढली नि कापड उलटं करून टांगलं. टांगल्यावर लक्षात आलं, काय वेड्यासारखं केलं मी. बाटिक दोन्हीकडून सारखंच दिसतं, रंग आरपार जातो. काढायला हात वर केला.

मागच्या बाजूला अंबाडा होता. तोच पदर, त्याच बांगड्या, आणि वर तिचा अंबाडा, दोन काटे खोचलेला. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती.

मी खुर्चीवरून कसा उतरलो कुणास ठाऊक. निसारभाईनं चटई घातली होती, नजर जमिनीवर. आरामात नमाज पढला. खोलीत मोगऱ्याचा वास आला, घरात मोगरा नव्हता.

चटई गुंडाळताना त्याला म्हटलं, "निसारभाई, वर बघ एकदा."

"नहीं."

"बघ तर."

"तेरी आवाज़ से समझ गया कुछ है." अजून पाठ माझ्याकडेच. "तू अपना मान, मैं अपना. देख लूँगा तो दोनों में से एक का बिगड़ेगा."

मग मी नाही आग्रह केला. चहा टाकायला आत गेलो. बाहेरच्या खोलीत तो, आपण एकटं नसताना बोलतो तसं, हळू आवाजात बोलला, "भाभी, शुक्रिया."