तोताराम नानांच्या घरचं विरजण

तोताराम नानांची साखर उतरली, ही बातमी रावेरजवळच्या त्या गावात केळीच्या भावाहून वेगाने पसरली. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी. आधी साडेनऊ, आता सात. आणि नानांनी एकही गोळी घेतली नव्हती. गोळी एकदा मागे लागली की माणसाला सोडत नाही, असं म्हणून भुसावळच्या डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी पहिल्याच दिवशी खुंटीला टांगली होती. दही खाणाऱ्यांना मधुमेह कमी होतो, असं वर्तमानपत्रात वाचून ते रोज सकाळी जिरं-मीठ घातलेलं वाटीभर दही खात. दही जरा कडवट लागे. औषधी वस्तू कडूच असते, असं ते कौतुकाने सांगत.

कडवटपणा गोळीचा होता. फार्मसीची पदविका घेतलेली, लग्नाआधी औषधांच्या दुकानात नोकरी केलेली त्यांची सून रूपा ती रोज कुटून त्यांच्या वाटीत कालवी. सासू धुरपदाबाईंखेरीज हे कुणाला ठाऊक नव्हतं. दह्याविषयी रूपाच्या मनात आकस नव्हता. पण दही खाणारा माणूस इतरही पुष्कळ गोष्टी वेगळ्या करतो, तेव्हा सगळं श्रेय दह्याच्या पदरात टाकता येत नाही, एवढं ती शिकली होती.

मग लोक वाट्या घेऊन विरजण मागायला येऊ लागले. विरजण मागणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही, आणि दह्याचा गुण विरजणातून उतरतो याबद्दल गावात दुमत नव्हतं. एके सकाळी नानांचे शाळासोबती जीवराम आबा आले. आठ वर्षं ते पोटात इन्सुलिनची सुई टोचून घेत होते.

"रूपा, चांगलं दोन चमचे घाल. सुई उद्यापासून बंद!"

"आबा, सुई सोडू नका. दही खा, पण सुई राहू द्या."

"तुझ्या सासऱ्याने कोणती सुई घेतली?"

ओट्यावरून नाना गरजले, "जीवराम, तिले विचारू नको. तिचा पगार औषधावर होता!"

दोघे म्हातारे खदखदून हसले. रूपा आत गेली.

"मी सांगून टाकते," ती म्हणाली.

धुरपदाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "सांग. तुझा सासरा वाटी भिंतीवर मारेल, मग गोळी कशात घालशील? जीवरामभाऊंना त्यांची सून आहे."

रूपाने हिशेब मांडला. एका बाजूला नाना, रोज डोळ्यांसमोर. दुसऱ्या बाजूला जीवराम आबा, चार घरं पलीकडे. अंतर उत्तरात धरायला नको होतं. तिने धरलं. वाटीत दोन चमचे विरजण घातलं.

सुई सोडल्यावर दोन महिन्यांनी केळीच्या ओल्या बागेत आबांच्या टाचेत काडी घुसली. त्यांना ती जाणवलीच नाही. जळगावला नेलं तेव्हा पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. गुडघ्याखालून कापला.

आबा घरी परतल्यावर नाना भेटायला निघाले. रूपाच्या हातात ताज्या विरजणाची वाटी दिली.

खाटेशेजारी बसून नानांनी निदान केलं. "दही तेच, मग गुण का नाही आला? मंजुळावहिनीचा हात वाईट. विरजण मारलं तिने."

आबांची बायको मंजुळाबाई दारात उभ्या होत्या. जळगावहून आल्यापासून हे वाक्य ऐकायची त्यांना सवय झाली असावी. त्या फक्त पदर सारखा करत राहिल्या.

"त्यांच्या हाताला काही झालेलं नाही," रूपा म्हणाली. "गुण दह्यात नव्हताच. मी नानांच्या वाटीत गोळी घालते. रोज."

नाना हसले. "बघा! दह्याचं नाव झालेलं हिले पाहवत नाही."

जीवराम आबा हसले नाहीत.

"कधीपासून घालते?"

"पाच-सहा महिने झाले."

"मी विरजण न्यायला आलो, तवा घालत होती?"

"हो."

"तवा मले दोन पाय होते."

नाना अजून हसतच होते, पण आवाज बारीक झाला होता. आपल्या दह्याची चव त्यांना आठवत असावी.

मंजुळाबाईंनी रूपाच्या हातून वाटी घेतली, परसात नेऊन विरजण उकिरड्यावर ओतलं आणि वाटी राखेने लख्ख घासली. भांडं रिकामं परत करायचं नसतं. त्यांनी वाटीत चिमूटभर साखर टाकली आणि ती रूपाच्या नव्हे, नानांच्या हातात दिली.