टोपलेबाबाची कृपा

मेहकरच्या बाजाराचा दिवस म्हणजे गावात टोपल्यांची जत्रा. वांग्यांच्या शंभरेक टोपल्या भाजीच्या शेडपुढं रांगेत बसलेल्या, आणि आत एका लाकडी फळीवर मांडी घालून टोपलेबाबा. बाबा डोळे मिटायचे, टोपलीच्या काठाला बोटभर अंगारा लावायचे, की झालं. तीच वांगी, तेच मेहकर, पण भाव दीडपट. सलग सहा बाजार हा चमत्कार चालला होता. आता त्यावर शंका घेणं म्हणजे दुधात मीठ टाकणं.

"देवाले किडकं चालत नाही," बाबा सुरात सांगत. "देवाले लहानमोठं एका पंगतीत चालत नाही. देवाले मातीचं तोंड चालत नाही. शुद्ध करून आना, मंग कृपा."

झुंबरबाईची टोपली तिसऱ्यांदा परत आली.

"तुह्या मनात कीड हाये, बाई," बाबांनी निदान केलं.

"मनात नाही, खालच्या थरात हाये," झुंबरबाई पुटपुटली आणि पुन्हा निवडायला बसली.

दाराशी उभ्या कोकिळेला बाबांचे ते नियम फार ओळखीचे वाटले. ती बुलढाण्याच्या शाळेत शिक्षिका. वडील कडूबा गेले म्हणून माहेरी आलेली. दीड महिना झाला होता. ही शेड कडूबांनीच आपल्या वावराचा तुकडा देऊन सरकारी योजनेतून उभी केली होती. माल निवडून, धुऊन, आकाराप्रमाणे लावून बाजारात न्यावा, असं तीन वर्षं ते सांगत राहिले. लोक म्हणत, "वांगं ते वांगं. त्याचं काय लगन लावाचं हाये?" बाबा बसले होते ती तीन भोकांची फळीसुद्धा कडूबांनी वांगी मापायला कापलेली.

त्या योजनेनं काही साधलं का, हे तपासायला बुलढाण्याहून भगवानराव नावाचे अधिकारी छापील तक्ता घेऊन आले होते. तक्त्यात एक रकाना होता : भाव वाढण्याचे कारण.

"कृपा लिहा," सरपंच उत्तमराव म्हणाले.

"कृपा कोणत्या खात्यात येते? शेतीच्या का पाटबंधाऱ्याच्या?"

"थट्टा नका करू, साहेब. योजना तीन वर्षं होती, भाव हलला नाही. बाबा आले आन् हलला. तसं लिहून द्या, म्हंजे शेड बाबाच्या मठाले देता येईन. आज संध्याकाळी ठराव हाये."

"काका, संध्याकाळपावेतो थांबता काय?" कोकिळा पुढं झाली. "झुंबरमावशीच्या वावरातल्या, एकाच तोडणीच्या आठ टोपल्या घेऊ. चार निवडून, धुऊन, अंगाऱ्याबिगर. चार तोडल्या तशाच, अंगारा लावून. भाव कशाले भेटते ते पाहू."

"मंत्राची परीक्षा घेतली तं मंत्र कोपते," बाबा म्हणाले.

"हे 'अडचणी'च्या रकान्यात लिहितो," म्हणत भगवानरावांनी पेनाचं टोपण काढलं.

रांगेत खसखस पिकली. आता बाबांना नाही म्हणता येईना. "बरं. पन त्या चारीतलं किडकं आंधी काढून घ्या."

"काऊन, बाबा? अळीपुढं कृपा थकते काय?" कोकिळा शांतपणे म्हणाली. "आन् जरा उठा. फळी पाह्यजे."

भगवानरावांनी आठही टोपल्यांचे काठ गोणपाटानं झाकले आणि वर नुसते आकडे चिकटवले. मेहकरला आडत्या पंजाबराव लिलाव पुकारायला उभा राहिला. त्याला कोणी काही सांगायचं नाही असं ठरलेलं. अर्धा गाव भोवती गप्प उभा, आणि गावानं आग्रहानं आणलेले बाबाही. पंजाबराव प्रत्येक टोपलीत तळापर्यंत हात घालायचा. निवडलेल्या पहिल्या चारींवर गिऱ्हाइकं तुटून पडली. पाचवीतून हात वर आला तो किडकं वांगं घेऊन. सहावी तशीच, सातवी तशीच, आठवीही.

"वर पाव्हणे बसवले, खाली चोर लपवले," पंजाबराव म्हणाला. "न्या कोनी अर्ध्या भावात." मग त्याची नजर गर्दीतल्या भगव्यावर गेली. "काय बे दयाराम, दाढी कवा ठेवली? चार वर्षं हमाल होता हा आमचा. कोनती टोपली उठते आन् कोनती पडून राह्यते, याच्या खांद्याले इचारा."

बाबांना एकाएकी जालन्याच्या गाडीची आठवण झाली.

"म्हंजे आपनच निवडलं, आपनच धुतलं," परतीच्या बैलगाडीत झुंबरबाई म्हणाली, "आन् नारळ त्याले देल्ले."

"कडूबा 'गिऱ्हाइकाले चालत नाही' म्हने, तवा आपन हासलो," उत्तमराव म्हणाले. "यानं तेच देवाच्या नावानं सांगतलं, तं ऐकलं. शेड गावाचीच राहीन, पोरी. तिथं कडूबाचा फोटो लावू. दर बाजाराले हार घालू, मंगच टोपल्या भरू."

कोकिळेच्या घरात वडिलांचा एकच फोटो होता. तो तिनं अजून नीट पाहिलाही नव्हता.

"फोटो नका लावू, काका," ती म्हणाली. "हार घातला का लोक इचारनं सोडते. माह्या आबाचं सांगनं खरं हाये, हे आज आपल्याले कळलं, कारन आपन आठ टोपल्या ठेवून पाह्यलं. उद्या पीक बदलन, बाजार बदलन, तवा आबाचंही चुकू शकते. बाबा सांगो, साहेब सांगो, नाहीतं माहा बाप सांगो. आंधी करून पाहा, मंग माना."