चार वाजता हललेला लोलक

मित्रांनो, मी लोलक आहे, पण घड्याळातला नव्हे. ते बिचारे दिवसभर झुलतात. माझे काम स्वस्थ लटकण्याचे. एका तळघरात, हवा काढून घेतलेल्या पिंपात, केसाहून बारीक तारेला मला टांगले होते. माझ्या एका अंगाला एक धातू, दुसऱ्या अंगाला दुसरा. वजन तंतोतंत सारखे.

मला घडवले या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञ मॅडमनी. माझे ठोकळे त्यांनी महिनोन्‌महिने स्वतः घासले. आकाशगंगेत न दिसणारे कृष्णद्रव्य भरलेले आहे, असे शास्त्रज्ञ मानतात. गुरुत्वाकर्षणाखेरीज ते एखादे अनोळखी, दूरवर पोहोचणारे बलही लावत असेल का? लावत असेल, तर कदाचित दोन धातूंना ते कमीजास्त ओढेल आणि मी जरासा वळेन. बारा वर्षे मी जागचा हललो नाही. लोक मॅडमना हसत.

एका उन्हाळ्यात मात्र मी रोज दुपारी चारला वळू लागलो. प्रयोगशाळेच्या प्रमुखांचे पाय जमिनीवर ठरेनात. लगेच जाहीर करा, नाहीतर दुसरे कोणी बाजी मारेल, असा त्यांचा लकडा. प्रयोगाची मुदतही संपत आली होती. काही सापडले तरच ती वाढणार होती. पण मॅडम महिनाभर थांबल्या. तारे रोज चार मिनिटे लवकर उगवतात. ओढ आकाशगंगेतली असती, तर महिन्याने ती दोन वाजता जाणवली असती. मी आपला चारलाच वळत होतो.

मग मॅडम चारच्या सुमारास बाहेर गेल्या. तळघराच्या भिंतीलगत नवे माळीकाका हिरवळीला पाणी घालत होते. रोज याच वेळी घालतो, एक दिवस चुकलेलो नाही, असे त्यांनी अभिमानाने सांगितले. भिजलेली माती जड होते, आणि तेवढ्या वजनानेही माझे जवळचे अंग जरा जास्त ओढले जाते. दुसऱ्या दिवशी पाणी बंद ठेवले, मी ढिम्म.

काका ओशाळले. "माझ्यामुळे तुमचं नुकसान झालं ना?"

"नाही काका. तुमच्यामुळे मी खोटं बोलता बोलता वाचले."

त्या दिवशी मला मॅडमचा फार अभिमान वाटला. अहवालात त्यांनी माळीकाकांचे आभार मानले. पुढच्याच महिन्यात तळघराला कुलूप लागले.

आता माझी तार तुटली आहे आणि मी संग्रहालयातल्या काचेच्या कपाटात पडून आहे. बाहेर पाटी आहे: 'याला काहीही सापडले नाही.' ती वाचून मुले काचेवर टकटक करतात, हसतात आणि पुढे जातात. मित्रांनो, तुम्ही काचेला हात न लावता क्षणभर थांबा. ती पाटी मॅडमनी स्वतःच्या हाताने लिहिली आहे, आणि तिच्यातला शब्दन्‌शब्द खरा आहे.